रोजच्या जगण्यात भेटणारा ज्यूद्वेष

युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कांविषयी काम करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या पूर्वार्धात १३ देशांतल्या सुमारे ८,००० ज्यू लोकांना त्यांच्या रोजच्या अनुभवांविषयी प्रश्न विचारले आणि त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर देणाऱ्यांपैकी ९६ टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात ज्यूद्वेष या ना त्या रूपात भेटला होता आणि ७६ टक्के लोक आपण ज्यू असल्याचे निदान अधूनमधून तरी लपवत होते. ही उत्तरे ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात सुरू झालेले युद्ध यांच्या आधीच गोळा झालेली आहेत, त्यामुळे युद्धाने वातावरण तापले म्हणून असे आकडे आले, असा त्यांचा अर्थ लावता येत नाही. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन या देशांत भेदभावाविरुद्ध कायदे आहेत, ते राबवणाऱ्या यंत्रणा आहेत, शाळांत ज्यूंच्या हत्याकांडाचा इतिहासही शिकवला जातो. तरीही चारांतल्या तिघांना आपली ओळख झाकून घराबाहेर पडावेसे वाटते, याचे कारण शोधायला हवे.

ज्यूद्वेष म्हटले की आपल्यासारख्या मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे हिटलर, छळछावण्या आणि ६० लाख ज्यूंची हत्या उभी राहते. त्या संहाराचा आकारच एवढा प्रचंड आहे, की ट्राममध्ये कोणी मारलेला टोमणा किंवा शाळेच्या मैदानावर ऐकू आलेला एखादा शब्द त्याच्यापुढे नोंद घेण्याजोगाही वाटत नाही. परंतु रोजच्या व्यवहारातला ज्यूद्वेष छळछावण्यांच्या कित्येक शतके आधीपासून चालत आलेला आहे आणि त्या छावण्या बंद झाल्यावरही तो संपला नाही.

ओळख लपवायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, ते आधी पाहू. गळ्यातल्या साखळीत सहा टोकांचा तारा असेल, तर बसमध्ये चढण्याआधी तो सदऱ्याच्या आत सरकवायचा. धार्मिक ज्यू पुरुष डोक्यावर किप्पा नावाची छोटी गोल टोपी घालतात. तिच्यावर खेळाडू घालतात तसली साधी टोपी चढवायची. ज्यूंच्या घराच्या चौकटीला, आत शिरताना उजव्या हाताला, मेझुझा नावाची बोटभर लांबीची डबी लावलेली असते; तिच्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली धर्मवचने गुंडाळून ठेवलेली असतात, आणि येता-जाता तिला हात लावून बोटे ओठांशी नेण्याची रीत आहे. ही डबी जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते, म्हणून काही कुटुंबे ती बाहेरच्या दारावरून काढून आतल्या खोलीच्या चौकटीला लावतात. कोणी टॅक्सीच्या ॲपवर दुसरेच नाव टाकतो, कोणी ज्यू समाजाचे मासिक नाव न छापलेल्या पाकिटातून मागवतो, तर कोणी आईचा फोन आला तरी रेल्वेच्या डब्यात हिब्रू बोलणे टाळतो. यातले एकही काम कष्टाचे नाही. त्रास आहे तो उंबरठा ओलांडण्यापूर्वी आज कुठे जायचे, कोण भेटेल आणि काय झाकायचे, हा हिशेब रोज नव्याने करण्याचा. बाकीच्या शहराला हा हिशेब करावा लागत नाही आणि शेजारच्या घरात तो चालू आहे याची त्याला कल्पनाही नसते.

१७ एप्रिल २०१८ रोजी बर्लिनच्या प्रेन्झ्लाउअर बेर्ग या सुखवस्तू वस्तीत २१ वर्षांचा एक तरुण किप्पा घालून मित्राबरोबर चालला होता. हा तरुण स्वतः ज्यू नव्हता. तो इस्रायलमधल्या अरब कुटुंबात वाढला होता, आणि जर्मनीत किप्पा घालून फिरणे सुरक्षित नाही असे त्याला सांगितले गेले होते, ते त्याला खरे वाटत नव्हते. भर रस्त्यात सीरियाहून आलेल्या एका १९ वर्षांच्या मुलाने ‘यहुदी, यहुदी’ असे ओरडत त्याला कमरेच्या पट्ट्याने मारले. मार खाणाऱ्याने ते मोबाइलवर चित्रित केले, म्हणून जगाला कळले. आठवडाभराने हजारो बर्लिनकर किप्पा घालून निषेधाला जमले. तरीही २०१९ च्या मे महिन्यात, जर्मन सरकारने ज्यूद्वेषाच्या प्रश्नासाठी नेमलेले आयुक्त फेलिक्स क्लाइन यांना, देशात सर्वत्र आणि सर्व वेळी किप्पा घाला असा सल्ला मी ज्यूंना देऊ शकत नाही, असे जाहीरपणे म्हणावे लागले. या प्रसंगातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मारणाऱ्याला समोरच्या माणसाविषयी काहीही माहीत नव्हते आणि माहिती करून घेण्याची गरजही वाटली नाही. त्याने मारले ते डोक्यावरच्या खुणेला.

मारहाणीपर्यंत गोष्ट थोड्यांच्याच बाबतीत जाते. बहुतेकांच्या वाट्याला येते ते बोलणे, आणि तेही पुष्कळदा हसत हसत केलेले. ‘तुम्ही ज्यू? वाटत नाही हो तसे.’ ‘मग वर्गणीचा हिशेब तुमच्याकडेच देऊ, तुम्हाला पैशातले कळते.’ ‘त्या जुन्या गोष्टी अजून किती वर्षे उगाळणार?’ जर्मन शाळांच्या मैदानांवर ‘ज्यू’ हा शब्दच शिवी म्हणून वापरला जातो, समोरचा मुलगा ज्यू असो वा नसो. ब्रिटनमधल्या शाळांत ज्यू मुलापुढे मुद्दाम नाणे टाकायचे आणि तो वाकून उचलतो का हे बघत राहायचे, असा एक जुना खेळ आहे. फुटबॉलच्या मैदानांवर ॲमस्टरडॅमचा आयाक्स किंवा लंडनचा टॉटनहॅम हे ज्यूंशी नाते जोडले गेलेले संघ उतरले, की प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीराख्यांतून कधी कधी एक लांबलचक फुसफुस ऐकू येते. परक्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ लागणार नाही. तो छळछावणीतल्या कोंडलेल्या खोलीत सोडलेल्या विषारी वायूचा आवाज असतो, आणि तो काढणारे बहुतेक जण खेळ संपल्यावर आपापल्या घरी जाऊन जेवणारी साधी माणसे असतात.

असे बोलणे ऐकणाऱ्याची पंचाईत अशी, की उत्तर दिले तर ‘एवढे काय मनाला लावून घेतोस, गंमत केली’ असे ऐकावे लागते, आणि गप्प बसले तर पुढच्या वेळी गंमत एक पायरी वर चढते. शिवाय बोलणारा नेहमी एकटाच असतो आणि एकदाच बोललेला असतो, तर ऐकणाऱ्याने तेच वाक्य शाळेत, महाविद्यालयात, पहिल्या नोकरीत आणि लग्नाच्या पंगतीत ऐकलेले असते. एकाला जो किरकोळ प्रसंग वाटतो, तो दुसऱ्यासाठी न संपणाऱ्या मालिकेतला आणखी एक असतो. किरकोळ आणि गंभीर यांच्यातले अंतर फार नाही, हेही त्याला माहीत असते. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, जर्मनीतल्या हाले शहरात एका बंदूकधाऱ्याने सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचे, दार फोडण्याचा प्रयत्न केला. आत पन्नासच्या आसपास माणसे प्रार्थनेला बसलेली होती आणि बाहेर पोलीस पहारा नव्हता. लाकडी दार टिकले म्हणून ती वाचली. चिडलेल्या हल्लेखोराने रस्त्यावरून जाणारी एक स्त्री आणि जवळच्या खाणावळीतला एक तरुण यांना ठार केले. त्याचे जे विचार पुढे आले, ते वर सांगितलेल्या टोमण्यांपेक्षा वेगळ्या जातकुळीचे नव्हते. ज्यू सगळे काही पडद्याआडून चालवतात, हीच त्याची समजूत होती.

माझ्या मते ज्यूद्वेष समजण्याची किल्ली या समजुतीत आहे. माणसे ज्या समूहाचा तिरस्कार करतात त्याला सहसा खालचे लेखतात. आपल्याकडची जातीची उतरंड हे त्याचे सर्वांत निर्दय उदाहरण आहे. ज्यूंनाही खालचे लेखले गेलेच, पण त्याच वेळी त्यांना विलक्षण सामर्थ्यवान, धूर्त, एकमेकांत संधान बांधून जगाची सूत्रे हलवणारेही मानले गेले. त्यामुळे ज्यूंचा द्वेष करणारा माणूस स्वतःला जुलूम करणारा समजत नाही. आपण एका अदृश्य सत्तेविरुद्ध उभे राहिलेले सामान्य लोक आहोत, अशीच त्याची खात्री असते. म्हणूनच हा द्वेष गरिबांत आणि श्रीमंतांत, उजव्यांत आणि डाव्यांत, धर्मनिष्ठांत आणि धर्म न मानणाऱ्यांत सारख्याच सहजतेने रुजतो. जगातल्या ज्यूंची एकूण संख्या दीड कोटीच्या थोडी पुढे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या लोकसंख्येहूनही कमी आहे. पण ही समजूत मनात पक्की असेल तर अशा आकड्याने काही फरक पडत नाही.

पैशाचा संबंध कुठून आला, हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मसंस्थेने ख्रिस्ती लोकांना व्याजाने पैसे देण्यास मनाई केली होती. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन बाळगता येत नसे आणि कारागिरांच्या संघांतही प्रवेश नसे. जे थोडे धंदे खुले राहिले त्यांत सावकारी होती, आणि राजांना ती हवीच होती, कारण ज्यूंवर हवा तेवढा कर बसवून त्यांच्यामार्फत प्रजेकडून पैसा उकळता येत असे. लोकांचा राग मात्र राजापर्यंत पोचत नसे. मार्च ११९० मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जमावाने ज्यूंना किल्ल्याच्या बुरुजात कोंडले. आत सुमारे १५० माणसे होती. त्यांतल्या अनेकांनी जमावाच्या हाती लागण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरण पत्करले, आणि उरलेल्यांना बाहेर येताच मारले गेले. जमावाच्या म्होरक्यांमध्ये ज्यूंचे कर्जदार सरदार होते. कत्तल उरकल्यावर ते मोठ्या चर्चमध्ये गेले आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे त्यांनी जाळून टाकले.

हे वाचताना मराठी माणसाला १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरू झालेला दख्खनचा दंगा आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. पण आपल्या शेतकऱ्यांचे भांडण मुख्यतः त्या कागदांशी होते. माणसांना इजा फार थोडी झाली, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. यॉर्कमध्ये कागद जाळले गेले आणि माणसेही मारली गेली, आणि पुढे १२९० साली इंग्लंडच्या राजाने सर्वच ज्यूंना देशाबाहेर घालवले. ते परत येऊ शकले १६५६ च्या सुमारास. मधल्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नाटकातला शायलॉक हा काळजाजवळचे मांस मागणारा ज्यू सावकार अवतरला, तेव्हा समोर बसलेल्या बहुतेक प्रेक्षकांनी उभ्या आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नव्हता. ज्यूद्वेषाला ज्यूंची गरज लागत नाही, हे याहून स्पष्ट कशाने होणार?

बाकीचे आरोपही असेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ११४४ साली इंग्लंडमधल्या नॉर्विच येथे एका मुलाचे प्रेत सापडले आणि ज्यू आपल्या विधीसाठी ख्रिस्ती मुलांचे रक्त घेतात अशी आवई पुढे उठली. १३४८-४९ मध्ये प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले असे म्हटले गेले, आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. १८४६ साली पॅरिसमधल्या एका पत्रकात रोथशिल्ड सावकाराने वॉटर्लूच्या लढाईची बातमी आधी मिळवून लंडनच्या बाजारात अफाट पैसा कमावला, अशी गोष्ट सांगितली गेली. ती बनावट असूनही आजवर सांगितली जाते. १९०३ मध्ये रशियात एका वर्तमानपत्राने ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त बैठकीचे तथाकथित इतिवृत्त छापले. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये दाखवून दिले, की त्यातला मजकूरच्या मजकूर फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनवर टीका करण्यासाठी १८६४ साली लिहिलेल्या एका फ्रेंच पुस्तकातून उचललेला आहे, आणि त्या मूळ पुस्तकात ज्यूंचा विषयच नाही. तरीही ते ‘इतिवृत्त’ आजही अनेक भाषांत विकले जाते. अशा कथांची रचनाच अशी असते, की पुरावा नसणे हाच कटाचा पुरावा ठरतो, आणि कोणी खोडून काढू लागला तर तोही कटात सामील असल्याचे ठरते.

या जुन्या गोष्टी इंटरनेटवर नवे कपडे घालून येतात. २०१६ च्या सुमारास अमेरिकेत एखाद्या ज्यू पत्रकाराचे नाव लिहिताना त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन कंस घालण्याची खूण रूढ झाली, म्हणजे समविचारी लोकांना त्याच्यावर तुटून पडता यावे. कोणी ज्यू असे न म्हणता ‘जगाचे मालक’, ‘बँकवाले’, ‘रोथशिल्ड’ असे म्हणतो. साथ आली, बाजार पडला, निवडणूक हरली, की हेच मालक पुन्हा हजर होतात. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या अनेकांना आपण नेमके काय पाठवतो आहोत याची खरोखरच कल्पना नसते.

त्यात आपणही असतो, हे मान्य केले पाहिजे. ज्यू लोक इतके हुशार का, हे सांगणारा एक संदेश आपल्या कुटुंबांच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. गरोदर ज्यू स्त्रिया गणिते सोडवतात, बदाम खातात, म्हणून त्यांची मुले जन्मतःच बुद्धिमान निपजतात आणि म्हणून जगाचा व्यापार त्यांच्या हातात आहे, असा त्याचा आशय असतो. पाठवणाऱ्याच्या मनात आदर असतो, यात मला शंका नाही. परंतु सगळे ज्यू एकाच साच्यातले आणि जगाची तिजोरी त्यांच्या हाती, ही यातली समजूत टोमणा मारणाऱ्याच्या समजुतीहून वेगळी नाही. फक्त तिला स्तुतीचा रंग दिलेला आहे. हीच स्तुती ज्याच्या तोंडावर होते त्या ज्यू शिक्षकाला किंवा टॅक्सीचालकाला, महिनाअखेर कशी काढायची या विवंचनेत असताना, ती काही सुखाची वाटत नाही.

महाराष्ट्राने ज्यूंना छळले नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते मोठ्या प्रमाणात खरे आहे. बेने इस्रायल हा ज्यू समाज रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली, पेणकर, रोहेकर, केहिमकर; घरात मराठी बोलली; आणि ते इस्रायलला गेले ते कोणी हाकलले म्हणून गेले नाहीत. पण या अभिमानात काही गोष्टी निसटतात. निसीम इझिकेल हे बेने इस्रायल समाजातले, १९२४ साली मुंबईत जन्मलेले कवी. त्यांनी आपल्या बालपणावर लिहिलेल्या इंग्रजी कवितेत नोंदवले आहे, की कॅथलिक शाळेत त्यांना ‘तू ख्रिस्ताला मारलेस’ असे सांगितले गेले, त्याच वर्षी बायबलच्या विषयाचे बक्षीस त्यांना मिळाले, आणि एका मुसलमान खेळाडू मुलाने त्यांचे कान लाल केले. मुंबईतल्या एका शाळकरी मुलाला जेरुसलेममधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठी जबाबदार धरले गेले! पोप सहाव्या पॉल यांच्या कारकिर्दीत, ऑक्टोबर १९६५ मध्ये, कॅथलिक धर्मसंस्थेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सर्व ज्यूंवर टाकता येणार नाही असे अधिकृतपणे जाहीर केले. तोवर इझिकेल चाळिशी ओलांडून गेले होते.

गोव्याचा इतिहास याहून काळा आहे. १५६० साली पोर्तुगीजांनी तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायालय, सुरू केले. पुढे त्याचा जाच हिंदूंना फार झाला, पण त्याचे सुरुवातीचे एक प्रमुख लक्ष्य होते सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचे वंशज. घरातल्या घरात कोण अजून ज्यू उरले आहे, हे ओळखायच्या खुणा शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि नोकरचाकरांना सांगितल्या जात: धुतलेले कपडे शनिवारी कोण घालते, शुक्रवारी संध्याकाळी दिवे कोण उजळते, डुकराचे मांस ताटात कोण टाकून देते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अशाच कुटुंबातला. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालेले होते आणि १५६३ साली गोव्यात छापलेला त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ युरोपभर गाजला. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. टॅक्सीच्या ॲपवर नाव बदलणारी आजची बर्लिनकर मुलगी आणि शुक्रवारचा दिवा खिडकीपासून दूर ठेवणारी सोळाव्या शतकातली गोव्याची गृहिणी यांच्या काळजीची जात एकच आहे.

आणि २६ नोव्हेंबर २००८. मुंबईच्या हल्लेखोरांनी ताज, ओबेरॉय, सीएसएमटी या गजबजलेल्या जागांबरोबर कुलाब्याच्या एका गल्लीतले नरिमन हाउस निवडले, ज्याचे नाव तोवर बहुतेक मुंबईकरांनी ऐकलेही नव्हते. तिथे ज्यू प्रवाशांना जेवण आणि प्रार्थनेची सोय मिळत असे. तिथले राबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्ह्रिएल होल्त्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि चार पाहुणे असे सहा जण तिथे मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे याला दाई सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर काढले. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलिसांची चौकी दिसते, आणि युरोपातल्या ज्यू मुलांना बालवाडीपासून सवयीचे असलेले दृश्य आपल्याकडेही आले.

हिटलरच्या नावाचे आपल्याकडे जे झाले आहे, त्याचाही इथे उल्लेख केला पाहिजे. कडक शिस्तीच्या मास्तरांना किंवा सासऱ्यांना हिटलर म्हणणे आपल्याला कौतुकाचे वाटते, त्याचे आत्मचरित्र पदपथावर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते, आणि २००६ साली नवी मुंबईत त्याच्या नावाचे उपाहारगृहही उघडले होते. मुंबईतल्या ज्यू समाजाने विनंती आणि निषेध केल्यावर मालकाने ते नाव बदलले. यामागे दुष्टावा नव्हता, अज्ञान होते, असे मी मानतो. तरीही ज्याच्या आजोबांचे अख्खे कुटुंब पोलंडमध्ये संपले, असा माणूस ते नाव वाचत रस्त्याने चालला असेल, तर त्या अज्ञानाचा त्याला काही आधार होत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न, इस्रायलवरच्या टीकेचा. इस्रायल हे एक राज्य आहे, त्याला सरकार आणि सैन्य आहे, आणि इतर कोणत्याही राज्याप्रमाणे त्याच्या कृत्यांचा जाब विचारता येतो. गाझात मेलेल्या हजारो मुलांविषयी आक्रोश करणे हा ज्यूद्वेष नाही, आणि अनेक ज्यूही तो करत आहेत. प्रत्येक टीकाकाराला ज्यूद्वेष्टा ठरवले, की त्या आरोपाचे वजनच उरत नाही आणि खऱ्या पीडिताचे नुकसान होते. रेषा नेमकी कुठे ओढायची यावर अभ्यासकांतही एकमत नाही. २०१६ ची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या अनेक सरकारांनी स्वीकारली, तर ती टीकेची मुस्कटदाबी करते असे म्हणणाऱ्या विद्वानांनी २०२१ मध्ये जेरुसलेम जाहीरनामा काढला. रोजच्या व्यवहारासाठी मला एक कसोटी पुरेशी वाटते. रोष त्या सरकारच्या निर्णयावर आहे, की समोर उभ्या असलेल्या माणसावर, तो ज्यू आहे एवढ्याचसाठी? पॅरिसच्या ज्यू बेकरीची काच फोडली, लंडनमधल्या ज्यू शाळकरी मुलीला बसमध्ये बाळांचे खुनी म्हटले, ज्यू डॉक्टरकडे इस्रायलचा निषेध आधी मागितला आणि मग तपासून घेतले, तर त्यात पॅलेस्टिनींचे काहीही भले होत नाही. ब्रिटनमध्ये अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट या संस्थेकडे २०२२ मध्ये १,६०० हून अधिक प्रकार नोंदले गेले. २०२३ मध्ये तो आकडा ४,००० च्या पुढे गेला, आणि त्यांतली वाढ ७ ऑक्टोबरनंतर, इस्रायलची लष्करी कारवाई पूर्णपणे सुरू होण्याच्याही आधीपासून दिसू लागली.

नोंद न झालेले प्रकार याहून कितीतरी जास्त असणार. युरोपीय संघाच्याच २०१८ च्या सर्वेक्षणात, ज्यांना गेल्या पाच वर्षांत त्रास झाला त्यांच्यापैकी ७९ टक्के लोकांनी आपला सर्वांत गंभीर अनुभवसुद्धा पोलिसांना किंवा कोणत्याही संस्थेला सांगितला नव्हता. तक्रार करून काही बदलणार नाही, असे जवळपास निम्म्यांना वाटत होते. पुष्कळांना तर जे घडले ते तक्रार करण्याइतके मोठे नव्हते, असेच वाटत होते. म्हणून ब्रिटनमधली वरची संस्था, किंवा जर्मनीत ‘रियास’ या नावाने ओळखली जाणारी नोंद केंद्रे, कायद्याने गुन्हा न ठरणारे प्रकारही लिहून घेतात: तारीख, जागा, नेमके शब्द, आसपास कोण होते, कोणी मध्ये पडले का.

मध्ये पडण्याची वेळ परदेशातल्या मराठी कुटुंबांवरही येते, कारण आपली मुले त्याच शाळांत आणि आपली माणसे त्याच कार्यालयांत आहेत. सहकाऱ्याने ज्यूंवर विनोद केला तर तावातावाने भाषण देण्याची गरज नसते. ‘यात हसण्यासारखे काय आहे, मला समजले नाही’ एवढे शांतपणे विचारले, की विनोद समजावून सांगताना त्यालाच अवघड होते, आणि टेबलावर बसलेल्या ज्यू माणसाला उत्तर देण्याचा भार एकट्याने उचलावा लागत नाही. मुलाने ‘ज्यू’ हा शब्द शिवी म्हणून घरी आणला, तर रागावण्याआधी त्याने तो कुठे आणि कुणाविषयी ऐकला ते विचारावे, त्याचा अर्थ आणि इतिहास त्याच्या वयाला झेपेल तेवढा सांगावा, आणि वर्गशिक्षकांना लेखी कळवावे, कारण त्याच वर्गात तो शब्द ऐकून घरी जाणारे आणि घरी काहीच न सांगणारे दुसरे एखादे मूल असण्याची शक्यता आहे.